नावांचा सातबारा

२०२४ च्या ऑक्टोबरात जिओहॉटस्टार डॉट कॉम हा पत्ता ज्यांनी उघडला त्यांना तिथे ना क्रिकेट दिसलं, ना मालिका. दिसलं एक पत्र. लिहिणारा दिल्लीचा, ॲप बनवणारा एक तरुण. रिलायन्स आणि डिस्ने यांची भारतातली मनोरंजनाची दुकानं एक होणार अशी कुजबुज कानावर आल्यावर त्याने आदल्या वर्षीच हे नाव नोंदवून ठेवलं होतं. तर्क साधा होता. रिलायन्सने ‘सावन’ ही गाण्यांची कंपनी घेतली, तिची ‘जिओसावन’ झाली. मग हॉटस्टार घेतल्यावर दुसरं काय होणार? तर्क तंतोतंत खरा ठरला. नावाच्या बदल्यात त्याने मागितली केंब्रिजच्या एका अभ्यासक्रमाची फी : ९३,३४५ पौंड, म्हणजे जवळपास एक कोटी रुपये.

कंपनीने नकार दिला, कायदेशीर कारवाईची भाषाही निघाली. हेसुद्धा त्याने त्याच पानावर लिहून टाकलं. मग दुबईत राहणाऱ्या दोन शाळकरी भावंडांनी ते नाव त्याच्याकडून विकत घेतलं, या तरुणाला मदत व्हावी म्हणून घेतलं असं सांगितलं आणि पानावर आपल्या भारतभेटीचे व्हिडिओ लावले. काही दिवसांनी तेच नाव कंपनीला फुकट द्यायची तयारीही दाखवली. २०२५ च्या फेब्रुवारीत जिओहॉटस्टार वाजतगाजत सुरू झालं.

दरम्यान लोकांचे दोन तट पडले होते. पोरगा हुशार, संधी साधली, असं एक म्हणत होते. ही सरळ खंडणी आहे, असं दुसरे. मराठीत नाव ठेवणं म्हणजे बारसं आणि नावं ठेवणं म्हणजे निंदा. फरक काय तो एका अनुस्वाराचा. या तरुणाच्या वाट्याला दोन्ही एकाच आठवड्यात आलं. पण हा प्रकरणापुरता गमतीचा भाग सोडला तर खाली एक जुना आणि अवघड प्रश्न उरतो. अजून कुणाचीही नसलेली वस्तू कुणी आधी उचलली आणि ज्याला तिची गरज पडली त्याला चढ्या भावाने विकली, तर यात चोरी कुठे झाली? आणि झाली नसेल, तर इतक्या जणांना ती चोरीसारखी का वाटते?

आधी वस्तू नीट पाहायला हवी. डोमेन नाव कायमचं विकत मिळत नाही. ते पट्ट्याने मिळतं, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांच्या, आणि दर वर्षाचं भाडं असतं. ‘डॉट कॉम’ची वही अमेरिकेतली व्हेरीसाइन ही कंपनी सांभाळते, नाव विकणाऱ्या रजिस्ट्रार कंपन्यांकडून ती एका नावाचे वर्षाला १० डॉलरच्या आसपास घेते. या वहीत आज १५ कोटींहून अधिक नावं आहेत. नोंदणीचा नियम एकच : जो आधी येईल त्याचं. इथे तलाठी नाही, फेरफारावर हरकत घ्यायला मुदत नाही, चतुःसीमा तपासायला कुणी येत नाही. सातबारा मिळतो तो कळ दाबल्यावर, आणि तोही भाडेपट्ट्याचा.

या नियमातली गंमत १९९४ मध्येच एका पत्रकाराच्या लक्षात आली. जोशुआ क्विटनर यांनी मॅकडोनाल्ड्स कंपनीला फोन करून विचारलं, तुमच्या नावाचा इंटरनेटवरचा पत्ता तुम्ही घेतलाय का? पलीकडे कुणालाच नीट काही सांगता येईना. मग क्विटनर यांनी तो पत्ता स्वतःच्या नावावर घेतला आणि ‘वायर्ड’ मासिकातल्या लेखात वाचकांना विचारलं, आता याचं काय करू? उत्तरं पाठवा ‘रोनाल्ड ॲट मॅकडोनाल्ड्स डॉट कॉम’वर. शेवटी कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका सरकारी शाळेच्या संगणकांसाठी ३,५०० डॉलर दिले आणि नाव सोडवून नेलं. तेव्हा नोंदणी फुकट होती. वर्षाला ५० डॉलर लागू लागले ते १९९५ च्या सप्टेंबरपासून.

क्विटनर यांनी थट्टेत जे केलं त्याचा इलिनॉय राज्यातल्या एका गृहस्थाने धंदाच केला. त्याने डेल्टा एअरलाइन्सपासून एडी बाउअरपर्यंत अनेक बड्या नावांचे पत्ते घेऊन ठेवले. त्यांत पॅनाव्हिजनही होतं, म्हणजे हॉलिवूडला कॅमेरे पुरवणारी कंपनी. तिने पत्र धाडलं तेव्हा याने १३,००० डॉलर मागितले. त्या पत्त्यावर त्याने ठेवलं काय होतं? इलिनॉयमधल्या ‘पॅना’ नावाच्या छोट्या गावाची विमानातून काढलेली छायाचित्रं. नाव पॅनाव्हिजन, म्हणून पॅना गावाचं दर्शन! कंपनीने पैसे नाकारल्यावर त्याने तिच्या ‘पॅनाफ्लेक्स’ कॅमेऱ्याचंही नाव घेतलं. त्या पानावर ‘हॅलो’ एवढा एकच शब्द होता. १९९८ मध्ये अमेरिकेच्या अपील न्यायालयाने त्याच्याविरुद्ध निकाल दिला. पॅना गावच्या छतांचे फोटो न्यायाधीशांना पटले नाहीत.

पुढच्याच वर्षी अमेरिकेने सायबरस्क्वॉटिंगविरुद्ध, म्हणजे दुसऱ्याचं नाव असं अडवून बसण्याविरुद्ध, कायदा केला. त्यात एका नावामागे १,००० ते १,००,००० डॉलरपर्यंत भरपाई लागू शकते. त्याच वर्षी इंटरनेटची नावं सांभाळणाऱ्या ‘आयकॅन’ने जगभरासाठी लवादाची पद्धत आणली. तक्रारदाराने तिथे तीन गोष्टी दाखवायच्या : नाव आपल्या ट्रेडमार्कशी फसवं साम्य राखतं, घेणाऱ्याचा त्यावर कसलाही न्याय्य हक्क नाही, आणि त्याने ते वाईट हेतूने घेतलं, वाईट हेतूनेच वापरलं. अशा तक्रारी चालवणाऱ्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकट्या २०२३ मध्ये ६,१९२ प्रकरणं दाखल झाली.

भारतात यासाठी वेगळा कायदा आजही नाही. आहे ते न्यायालयांनी जुन्या कापडातून बेतलेलं. १९९९ मध्ये दिल्लीत ‘याहू इंडिया’चं प्रकरण आलं आणि मुंबई उच्च न्यायालयात ‘रेडिफ’चं. कुणीतरी एक अक्षर बदलून ‘रॅडिफ’ घेतलं होतं. डोमेन नाव हा नुसता पत्ता नाही, कंपनीची मौल्यवान मालमत्ता आहे आणि तिला ट्रेडमार्कसारखंच संरक्षण हवं, ही भूमिका मुंबईत तेव्हा घेतली गेली. २००४ मध्ये ‘सिफी’ आणि ‘सिफ्फी’ यांच्या भांडणात सर्वोच्च न्यायालयाने तीवर शिक्कामोर्तब केलं. आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवू नये, हे बाजारपेठेतलं जुनंच तत्त्व पत्त्यांनाही लागू झालं.

इथवर सगळं सरळ आहे. दुसऱ्याची पाटी आपल्या दारावर लावू नये, हे कुठल्याही पेठेतल्या पोराला कळतं. अडतं ते पुढे. २०१९ मध्ये मायक्रोस्ट्रॅटेजी या कंपनीने ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ३ कोटी डॉलरना विकलं. व्हॉइस म्हणजे आवाज. हा शब्द त्या कंपनीने घडवला नव्हता, त्याला अर्थ दिला नव्हता. व्यवहार मात्र पूर्ण कायदेशीर होता, आणि ‘व्हॉइस’ विकणाऱ्याला कुणी खंडणीखोर म्हणालं नाही.

मग आधी येणाऱ्याचा हक्क येतो कुठून? मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात एक ठाम विधान आहे : शेत त्याचं ज्याने खुंट उपटून जमीन मोकळी केली, हरीण त्याचं ज्याचा बाण आधी लागला. सतराव्या शतकात इंग्लंडच्या जॉन लॉकनेही मालकीचं मूळ श्रमात शोधलं आणि एक अट घातली की इतरांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं मागे उरायला हवं. डोमेनचा व्यापार दोन्ही कसोट्यांवर लंगडतो. खुंट उपटलेले नसतात, घाम गळालेला नसतो. आणि ‘तितकंच चांगलं’ उरत नाही, कारण नाव हे जमिनीसारखंही नसतं. शेजारचं शेत चालून जातं. शेजारचं नाव म्हणजे दुसरंच नाव.

दूरदृष्टीचं म्हणाल तर त्या दिल्लीच्या तरुणाला फार थोर पूर्वज आहे. मिलेटसच्या थेलीसला लोक टोमणे मारत, तत्त्वज्ञानाने पोट भरत नाही म्हणून. ॲरिस्टॉटल सांगतो की थेलीसने ग्रहताऱ्यांवरून ताडलं, यंदा ऑलिव्ह भरपूर येणार. भर हिवाळ्यात, कुणी विचारत नसताना, त्याने मिलेटस आणि किऑसमधल्या साऱ्या घाण्यांना थोडीथोडी अनामत देऊन त्या अडवून ठेवल्या. हंगामात घाण्या पाहिजेत तर थेलीसकडे या, आणि भाव तो म्हणेल तो. ॲरिस्टॉटलने ही गोष्ट मक्तेदारीचा नमुना म्हणून नोंदवली. त्यात थेलीसला पापी ठरवलेलं नाही. ज्या शेतकऱ्याने त्या वर्षी दुप्पट भाडं भरलं असेल त्याचं मत ग्रंथात आलेलं नाही.

या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा वाद ज्यू धर्मशास्त्रात सापडतो. तालमूदमध्ये उदाहरण आहे : एक गरीब माणूस भाकरी मिळवण्याच्या खटपटीत आहे, इतक्यात दुसरा येऊन ती उचलून नेतो. असा माणूस दुष्ट, असा निर्वाळा आहे. पण भाकरी जर बेवारस असेल तर? अकराव्या शतकातला फ्रान्समधला भाष्यकार राशी म्हणतो, तरीही दुष्टच. त्याचा सख्खा नातू, रब्बेनू ताम, आजोबांचं मानत नाही. विकत मिळणारी वस्तू दुसरीकडेही मिळते, म्हणून कुणाचा होत आलेला सौदा मोडू नये. बेवारस वस्तू हातची गेली तर पुन्हा कुठे मिळणार? ती उचलणाऱ्याला दोष देता येत नाही. नोंद न झालेलं डोमेन हे शंभर टक्के बेवारस. नातवाच्या न्यायाने जिओहॉटस्टारचा तरुण सुटतो, आजोबांच्या न्यायाने अडकतो. पण दोघांनीही जो माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता तो भाकरीसाठी धडपडणारा गरीब होता, हे विसरून चालत नाही. इथे भाकरी हुकलेली बाजू देशातल्या सर्वांत श्रीमंत उद्योगसमूहांपैकी एक होती.

इस्लामी न्यायशास्त्रात साठेबाजीला पाप म्हटलंय. मात्र बऱ्याच न्यायपंडितांनी ते अन्नधान्यापुरतं मर्यादित ठेवलं, तर आठव्या शतकातल्या अबू युसुफ यांनी मर्यादा ओलांडली : जे अडवून ठेवल्याने लोकांचं नुकसान होतं ते काहीही असो, ती साठेबाजीच. गांधीजी याहून कडक. १९३० मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून आश्रमवासीयांना दर आठवड्याला धाडलेल्या पत्रांत त्यांनी अस्तेयाचा अर्थ ताणत नेला. आपल्याला गरज नसलेली वस्तू घेणं, मग ती मालकाच्या परवानगीने घेतलेली का असेना, चोरीच होय. या मापाने दहा हजार नावं बाळगणारा डोमेनचा व्यापारी चोर ठरतो. तसाच आपल्या नावाच्या चुकीच्या स्पेलिंगांसकट शेकडो पत्ते घेऊन कुलूपबंद ठेवणारा मोठा ब्रँडही ठरतो. आणि खरं सांगायचं तर गल्लीतला किराणा दुकानदारही, कारण त्याच्या वखारीतल्या साखरेची त्याला स्वतःला गरज कुठे असते?

इथे गांधीजींचं माप बाजूला ठेवून वाण्याचंच माप लावणं बरं. दुकानदार नफा घेतो तो कशाचा? माल कोल्हापुरात असतो, गिऱ्हाईक रत्नागिरीत. तो अंतर कापतो. पीक माघात निघतं, भूक आषाढात लागते. तो ते दिवस सांभाळतो, उंदीर-घुशींचं नुकसान सोसतो. गिऱ्हाईक आणि वस्तू यांच्यातली दरी तो बुजवतो आणि त्याचे पैसे घेतो. जिओहॉटस्टार हे नाव कंपनीपासून किती दूर होतं? एका कळीवर. त्या तरुणाने ते मध्येच उचललं आणि मग परत आणून द्यायची किंमत सांगितली. दरी त्यानेच खणली होती. पोटातली ‘खंडणी’ ही भावना इथून येते, आणि ती चुकीची नाही.

‘व्हॉइस’च्या बाबतीत मात्र हे जमत नाही. ते नाव अमुक एकाच्या वाटेतून उचललेलं नव्हतं. शिवाय डोमेनचे व्यापारी एक रास्त मुद्दा मांडतात : दुय्यम बाजार नसता तर असे शब्द ज्याच्या हाती आधी पडले त्याच्याकडेच कायम धूळ खात राहिले असते. किंमत लागते म्हणून तर ते वापरणाऱ्यापर्यंत पोचतात. मुद्दा खराच आहे. तरी ३ कोटी डॉलर नेमके कशाचे, हे विचारावं लागतं. त्या पाच अक्षरांना मोल आलं ते कोट्यवधी माणसं शतकानुशतकं तो शब्द बोलत आली म्हणून. पनवेल-उलव्याच्या शेताचा भाव विमानतळाची घोषणा झाल्यावर चढला, तो मालकाने नांगर जास्त खोल घातला म्हणून नव्हे, तसंच हे. तिथे निदान गाव तरी दिसतं. शब्दांचं गाव दिसत नाही, त्याच्या वतीने दावा लावायला कुणी उभं राहत नाही.

कायद्याची खरी खोच ही. नाव एका कंपनीचं असेल तर चोरी दिसते, सगळ्यांचं असेल तर दिसत नाही. ॲमेझॉन कंपनीने २०१२ मध्ये ‘डॉट ॲमेझॉन’ या शेपटाची मागणी केली. त्याच नावाच्या नदीच्या काठी वसलेल्या ब्राझील आणि पेरू यांनी हरकत घेतली. २०१४ मध्ये आयकॅनने कंपनीला नकार दिला, २०१७ मध्ये फेरतपासणीत कंपनीची सरशी झाली आणि २०१९ मध्ये तो पत्ता तिला द्यायचं ठरलं. नदीचं नाव दुकानाला मिळालं. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये ‘रामायण’ या नावावरून उभ्या राहिलेल्या अगरबत्तीवाल्यांच्या भांडणात धर्मग्रंथाच्या नावावर कुणा एकाचा मक्ता चालणार नाही असं सांगितलं, तो दिलासाच. पण तो ट्रेडमार्कपुरता. डोमेनच्या वहीत राम आणि विठ्ठलही जो आधी येईल त्याचेच.

माणसांच्या नावांचंही तसंच. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अरुण जेटली यांना त्यांच्या नावाचा पत्ता मिळवून दिला, कारण ते नाव प्रसिद्धीमुळे एका व्यक्तीशी घट्ट जोडलं गेलं होतं. उरलेल्या अरुणांनी रांगेत उभं राहायचं. उलट अमेरिकेत उझी निसान यांनी १९९४ मध्ये आडनावाचा पत्ता घेतला. त्याच नावाने ते आधीपासून संगणकाचं दुकान चालवत होते. १९९९ च्या अखेरीस निसान मोटार कंपनीने त्यांच्यावर १ कोटी डॉलरचा दावा ठोकला. वर्षानुवर्षं खटला चालला, पत्ता त्यांच्याकडेच राहिला, आणि २०२० मध्ये ते गेले तोवर त्यांनी तो सोडला नाही. स्वतःच्या बापाचं नाव राखायला त्यांना उमेदीची वर्षं वकिलांच्या पायऱ्यांवर घालवावी लागली.

बडे लोक स्वतः काय करतात, हेही एकदा दिसलं. ७ मे २०२५ रोजी ‘ऑपरेशन सिंदूर’ हे लष्करी कारवाईचं नाव जाहीर झालं आणि त्याच दिवशी ते ट्रेडमार्क म्हणून मागणारे अर्ज पडले. त्यांत रिलायन्सचाही होता. टीका झाल्यावर कंपनीने तो मागे घेतला : एका कनिष्ठ कर्मचाऱ्याने परवानगीशिवाय, अनवधानाने केलेला अर्ज, असा खुलासा आला. मुंबईत निर्मात्यांच्या संघटनेकडे सिनेमाच्या शीर्षकासाठीही तेव्हा झुंबड उडाली होती. सात महिन्यांपूर्वी आपल्या नावाचा पत्ता कुणीतरी आधी घेतला म्हणून कारवाईची भाषा करणाऱ्या घरातलीच ही गोष्ट.

हाल होतात ते मधल्यांचे. गावचं वाचनालय, शाळेच्या माजी विद्यार्थ्यांचा संघ, शंभरी गाठलेलं गणेश मंडळ. संकेतस्थळ कुणा उत्साही मुलाने बनवलेलं असतं, नूतनीकरणाची आठवण त्याच्या जुन्या ईमेलवर येते आणि तो केव्हाच नोकरीसाठी बंगळुरूला गेलेला असतो. मुदत संपल्यावर साधारण ४५ दिवसांपर्यंत नेहमीच्या दराने नाव परत मिळू शकतं. पुढचे ३० दिवस भरमसाट दंड भरून. मग ५ दिवस कुणालाच हात लावता येत नाही, आणि सहाव्या दिवशी नाव सुटण्याच्या क्षणाला टपलेली यंत्रं ते झेलतात. मंडळाच्या नावाखाली काही दिवसांत ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती झळकू लागतात. नावाला किंमत आली होती ती लोकांनी वर्षानुवर्षं त्या पत्त्यावर भेटी दिल्या म्हणून. ती मंडळाची कमाई, विकतो तिसराच. दाद मागायला आंतरराष्ट्रीय लवाद आहे की! एका सदस्यापुढच्या सुनावणीची फी १,५०० डॉलर.

२०१४ पासून ‘डॉट भारत’ देवनागरीत मिळतं. मराठी, कोकणी, हिंदी, सगळ्यांना एकच शेपूट. म्हणजे तुळस, ओवी, पाऊस, माहेर हे शब्दही एकाच वहीत, त्याच नियमाने. इंग्रजी शब्दांइतका भाव त्यांना नाही, म्हणून गर्दी कमी, एवढंच.

त्या आंतरराष्ट्रीय लवादात निकाल लागलेलं पहिलं प्रकरण कुस्तीचं होतं. अमेरिकेच्या वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनच्या पूर्ण नावाचा पत्ता १९९९ च्या ऑक्टोबरात कॅलिफोर्नियातल्या एकाने घेतला आणि तीनच दिवसांनी संस्थेला १,००० डॉलरना देऊ केला. जानेवारी २००० मध्ये लवादाने ते नाव कुस्तीवाल्यांना दिलं. अडीच वर्षंही झाली नाहीत तोच, मे २००२ मध्ये, त्याच कुस्तीवाल्यांना आपलं नाव बदलून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट करावं लागलं. ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ’ ही आद्याक्षरं पांडाचं चित्र मिरवणाऱ्या वन्यजीवसंस्थेची आधीपासूनची, आणि इंग्लंडच्या न्यायालयात पांडा जिंकला होता.